लस सक्तीची, पण कुणाच्या खर्चाने?

इंदूर, जून, रात्री

फ्लूची लस दवाखान्यातल्या सगळ्यांना सक्तीची करावी का, यावरून आज स्टाफरूममध्ये चांगलीच जुंपली. "अंग आमचं, मर्जी आमची" म्हणणाऱ्या पुष्कळ जणी. त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेच मे २०२२ मध्ये कोविड लशीच्या खटल्यात म्हटलं आहे. पण सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी बंधनं घालू शकतं, हेही त्याच निकालात आहे. ते कुणी सांगत नाही.

मी डायलिसिस विभागात सिस्टर आहे. फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागी, सुई घालताना पेशंटच्या हातावर वाकावं लागतं, बोटाने शीर चाचपावी लागते. माझं तोंड त्याच्यापासून हातभरही लांब नसतं. पुढे चार तास तो मशीनला जोडलेला. सिस्टर शिंकतेय म्हणून उठून जाण्याची सोय त्याला नाही. आणि फ्लू लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच पसरू लागतो, मग "मी तर ठणठणीत आहे" याला काय अर्थ?

लस पूर्ण संरक्षण देत नाही, मान्य. विषाणूशी चांगली जुळली त्या वर्षीही ४० ते ६० टक्केच. पण टोचल्याने फ्लू होतो हे साफ खोटं. इंजेक्शनातला विषाणू मेलेला असतो. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते, इतकंच.

सिअ‍ॅटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये सक्ती केली, तेव्हा लस घेणारे ९७ टक्क्यांच्या वर गेले. माझं मत सक्तीच्याच बाजूने आहे. निदान डायलिसिस, आयसीयू आणि नवजात बाळांच्या वॉर्डात तरी ती हवीच.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आमच्या सफाईवाल्या मावशी ठेकेदाराकडून येतात. त्या म्हणाल्या, "ताई, सुई घेईन हो, पण ताप आला तर खाड्याचे पैसे कोण देणार?" बाहेर ही लस हजाराच्या वर पडते. चादरी बदलायला, खाटेखाली पुसायला त्याच पेशंटजवळ जातात, आणि लशीच्या यादीत त्यांचं नावच नाही! सक्ती करणाऱ्याने आधी आपला खिसा उघडावा: लस फुकट, ठेक्यावरच्या माणसांनाही, आणि ताप आला तर पगारी रजा.

उद्या मेट्रनकडे अर्ज देणार आहे. पावसाळ्यात फ्लू वाढतो आणि लशीचा असर यायला दोन आठवडे जातात, तेव्हा हे याच आठवड्यात व्हायला हवं.