तुम्ही विचारलंत म्हणून : हाडाला हे भोक कुणी पाडलं?

फोनवर एक फोटो येतो. शेताच्या बांधावर नाहीतर गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाला कुठेतरी पडलेलं हाड, आणि खाली एक ओळ: "मॅडम, हे भोक कशानं पडलं?" विचारणाऱ्यानं बहुधा उत्तर आधीच ठरवलेलं असतं. माणूस निफाड-सिन्नरकडचा असला की बिबट्याचा दात. अंजनेरीला ट्रेकला गेलेला कॉलेजचा पोरगा असला की बंदुकीची गोळी. आणि ओझरच्या एका आजींनी तर हाड पिशवीत घालून घरीच आणलं होतं, "कुणी करणी केलीय का तेवढं बघा" म्हणून. मी नाशिकमध्ये प्राणिशास्त्र शिकवण्यात नोकरी घालवली, प्रयोगशाळेतल्या हाडांच्या कपाटाची किल्ली बरीच वर्षं माझ्याच पर्समध्ये असायची, त्यामुळे हे सगळे फोटो फिरत फिरत माझ्याकडे येतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

बहुतेक वेळा ते भोक कुणीच पाडलेलं नसतं. हाड होण्याच्या आधीपासून ती वाट तिथे असते. गर्भात मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या आपापल्या ठिकाणी आधी पोचतात. त्या वेळी पुढे हाड होणाऱ्या जागी नुसती कूर्चा किंवा पातळ पडदा असतो. मग तिथे कॅल्शियम साठू लागतं, हाड धरू लागतं, आणि ते वाढता वाढता त्या नसेला वळसा घालून पलीकडे जुळतं. स्लॅब टाकायच्या आधी इलेक्ट्रिशियन पाइप टाकून जातो आणि मग नंतर ड्रिल लावावं लागत नाही, तसा प्रकार. तेव्हा हाड हातात आलं की 'हे कशानं पडलं' यापेक्षा 'इथून काय जात होतं' हे विचारावं. उत्तर लवकर सापडतं.

माझ्याकडे येणाऱ्या फोटोंत सगळ्यात जास्त भरणा शेळीच्या कवटीचा. कपाळावर, डोळ्यांच्या खोबणींच्या जरा वर, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन भोकं असतात. दोन भोकं म्हणजे दोन सुळे, असा हिशेब लोक चटकन मांडतात. पण कवटी जरा उन्हात तिरकी धरून बघा. त्या भोकापासून एक उथळ पन्हळ निघून खाली नाकाच्या दिशेनं उतरलेली दिसेल, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागणारी. कपाळाच्या शिरा आणि नसा त्या पन्हळीतून जाऊन भोकात शिरतात. दात काही पन्हळ आखून मग आत घुसत नाही.

तिथून खाली, वरच्या दाढांच्या वर गालाच्या हाडाला आणखी एकेक भोक सापडेल. त्यातून बाहेर पडणारा मज्जातंतू नाकपुडीला आणि वरच्या ओठाला जातो. बाभळीच्या काट्यांतून नेमका पाला वेचून खाणारी शेळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या ओठाची जाण किती बारीक असते हे सांगायला नको. ती सगळी जाण या भोकातून आत जाते. खालच्या जबड्यालाही हनुवटीजवळ, पुढच्या दातांच्या थोडं मागे, असंच एक भोक असतं. ते तुमच्याही जबड्यात आहे. खालची दाढ काढताना डेंटिस्ट इंजेक्शन देतो पार मागे, जबड्याच्या आतल्या बाजूला, आणि बधिर होतो मात्र पुढचा ओठ, याचं कित्येकांना नवल वाटतं. मज्जातंतू मागच्या भोकातून जबड्यात शिरतो, दाढांना फाटे देत हाडाच्या आतून पुढे येतो आणि हनुवटीजवळच्या भोकातून बाहेर पडून ओठाला पोचतो. मागे वाट अडवली की पुढचा सगळा भाग गप्प.

ओझरच्या आजींचं हाड म्हणजे कुत्र्याची कवटी होती आणि त्यांचा संशय मागच्या मोठ्या भोकावर होता. कुणीतरी मेंदू काढून नेला, असं त्यांना ठाम वाटत होतं. त्याला महारंध्र म्हणतात, आणि ते प्रत्येक कवटीला असतंच. मेंदूतून निघालेला मज्जारज्जू तिथून पाठीच्या कण्यात उतरतो. त्याच्या दोन्ही अंगांना दोन गुळगुळीत उंचवटे असतात, मानेचा पहिला मणका त्यांवर बसतो. हे उंचवटे शाबूत असले म्हणजे कुणी काही फोडलेलं नाही. चार पायांवर चालणाऱ्या जनावरांत हे भोक कवटीच्या मागच्या टोकाला असतं, माणसात ते खाली, जवळजवळ मध्यावर सरकलेलं असतं, कारण आपलं डोकं कण्याच्या पुढे लटकत नाही, वर तोललेलं असतं. दक्षिण आफ्रिकेतल्या टाउंग इथे सापडलेल्या, माणसाच्या एका प्राचीन नातलगाच्या पोराच्या कवटीवर रेमंड डार्ट यांनी १९२५ मध्ये लिहिलं, तेव्हा 'हा प्राणी दोन पायांवर चालत असावा' हे त्यांनी या भोकाच्या जागेवरूनच मांडलं. तिथे पायाचं एकही हाड मिळालेलं नव्हतं. आजींना मी हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कवटी परत पिशवीत घालून लिंबू ओवाळायला घेऊन गेल्या. असो.

आता बिबट्या. दाताचं भोक असूच शकत नाही असं मी म्हणत नाही, पण त्याची खूण वेगळी असते. नैसर्गिक भोकाची कड गोलसर, आत वळलेली असते आणि आतली भिंतही बाहेरच्यासारखीच घट्ट, गुळगुळीत हाडाची असते. शिवाय मधल्या रेषेवर नसेल तर उजव्या-डाव्या दोन्ही अंगांना जोडीनं सापडतं. दात घुसतो तेव्हा कड आत दबते, पापुद्रे मोडून आत वाकतात, आतलं जाळीदार हाड उघडं पडतं आणि बऱ्याचदा बाजूनं बारीक भेग गेलेली असते. गोळीचं आणखी निराळं: जिथून शिरते तिथे भोक बाहेरून लहान आणि आतून पसरट होतं, जिथून निघते तिथे उलट.

त्यातही बिबट्या शेळी मारतो ती बहुधा गळा धरून, त्यामुळे कपाळात सुळ्याची खूण मिळणं तसं दुर्मिळच. खरी खूण कशी असते ते बघायचं तर पुन्हा आफ्रिकेतच जावं लागतं. स्वार्टक्रान्सच्या गुहेत माणसाच्या एका प्राचीन चुलत भावंडाच्या कवटीचा तुकडा मिळाला, त्यावर शेजारी शेजारी दोन भोकं. सी. के. ब्रेन यांनी त्याच गुहेत मिळालेल्या बिबट्याच्या जबड्याचे खालचे सुळे त्या भोकांशी जुळवून दाखवले, अंतर नेमकं बसलं. ही १९७० ची गोष्ट. निफाडच्या एका शेतकरी भाऊंना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मॅडम, मग मला भरपाई नाही मिळायची का?" त्यांचं जनावर खरोखर गेलं होतं आणि तोटा खरा होता. पण भरपाईला ताज्या मढ्याचा पंचनामा लागतो, गळ्यावरच्या खुणा बघतात. महिन्यांनी सापडलेल्या कवटीवर तो होत नाही. जनावर गेलं की त्याच दिवशी वनविभागाला कळवावं, १९२६ हा त्यांचा नंबर आहे.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते दंडाचं हाड, म्हणजे पुढच्या पायाचं खांद्यापासून कोपरापर्यंतचं. "हे कुत्र्याचं की बिबट्याचं?" हा प्रश्न उसाच्या पट्ट्यातून सारखा येतो, आणि लांबीवरून ते सांगणं अवघड, कारण मोठा कुत्रा आणि बिबट्याची मादी यांची हाडं मापाला बरीच जवळ येतात. अशा वेळी कोपराकडचं टोक बघायचं. कुत्र्याच्या हाडात तिथे बरोबर मध्ये, पुढून मागे आरपार भोक असतं, पलीकडचा उजेड दिसतो. ट्रेकवाल्यांची 'गोळी' ती हीच. गंमत म्हणजे या भोकातून काहीच जात नाही, वर सांगितलेला माझा नियम इथे मोडतो. कुत्रा पाय ताणतो तेव्हा कोपराच्या हाडाची चोच या जागी येऊन बसते. तिथलं हाड मुळातच इतकं पातळ की मधोमध उरतच नाही, जिवंतपणी नुसता एक पडदा असतो. कोल्ह्या-लांडग्यांतही ते असतं. काही माणसांच्या दंडातही असतं आणि त्यांना जन्मभर पत्ता नसतो.

मांजराच्या कुळात मधलं भोक नसतं. त्याऐवजी हाड फिरवून आतल्या, म्हणजे छातीकडच्या बाजूला बघा. तिथे कोपराच्या थोडं वर हाडाची एक बारीक पट्टी तिरकी गेलेली असते आणि तिच्याखाली लांबट फट. काडी घातली तर ती हाडाला समांतर सरकत दुसरीकडून बाहेर येते. पंजाकडे जाणारी मोठी धमनी आणि तिच्यासोबतचा मज्जातंतू या पट्टीखालून जातात. घरच्या मांजरात हे आहे, बिबट्यात आहे, वाघ-सिंहात आहे. शेळीच्या किंवा वासराच्या हाडात सहसा दोन्ही नसतं. विद्यार्थ्यांना मी ही दोन हाडं डोळे मिटून हातात द्यायचे. ज्यांना आकृत्या पाठ असायच्या ते अडायचे, आणि घरी मटण निवडायला बसणाऱ्या मुली पटकन सांगायच्या.

मटणावरून आठवलं, "नळीला किडीचं भोक दिसलं, खाल्लं तर चालेल का?" असंही लोक विचारतात. चालेल. प्रत्येक लांब हाडाच्या मधल्या भागात कुठेतरी सुई जाईल एवढं एक तिरकं भोक असतं, आतल्या मगजाला रक्त पुरवणारी धमनी तिथून शिरते. ते तिरकं का, तर हाडाची दोन टोकं सारख्या वेगानं वाढत नाहीत आणि जास्त वाढणारं टोक धमनीची वाट आपल्याकडे ओढत नेतं. कोंबडीच्या पंखाचं खांद्याजवळचं हाड चाखून झालं की तेही एकदा बघा. खांद्याच्या गोळ्याखाली खळगा असतो आणि त्यात भोक. ते रक्तासाठी नसून हवेसाठी असतं. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशवीचा फाटा त्यातून हाडात शिरतो. अठराव्या शतकात जॉन हंटर यांनी पक्ष्याची श्वासनलिका बांधून हे हाड कापलं, तर पक्षी त्या कापलेल्या हाडातून श्वास घेत राहिला. प्रयोग क्रूर होता, पण शंका कायमची मिटली.

त्र्यंबककडच्या डोंगरांतून साळिंदराच्या कवटीचे फोटो येतात, "डोळ्यापुढे आणखी एक डोळा आहे" अशा ओळीसकट. गालातलं तेच भोक, जे शेळीत पेन्सिलही जेमतेम जाईल एवढं, ते साळिंदरात डोळ्याच्या खोबणीशी स्पर्धा करतं, कारण त्यातून मज्जातंतूबरोबर कुरतडण्याचा एक अख्खा स्नायूही जातो. तिथली इतर हाडं कधीकधी समांतर ओरखड्यांनी भरलेली दिसतात, तेही साळिंदराचंच काम: कॅल्शियमसाठी ती पडलेली हाडं कुरतडतात.

आणि 'एक डोळा' म्हणाल तर त्याचा सगळ्यात मोठा नमुना आपल्याच जिल्ह्यातून गेलाय. नांदूर मध्यमेश्वरला आपण पक्षी बघायला जातो, तिथे गोदाकाठच्या जुन्या गाळात नामशेष झालेल्या एका हत्तीची कवटी सापडली होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये तिच्यावर लिहिलं. हत्तीच्या कवटीत कपाळाच्या मधोमध एक प्रचंड भोक असतं. ते नाकाचं, सोंड तिथे लागते. डोळ्यांच्या खोबणी बाजूला, लहान आणि मागून उघड्या, चटकन नजरेत न भरणाऱ्या. हत्ती कधी न पाहिलेल्या माणसाला ती कवटी एकाक्ष राक्षसाची वाटणार नाही तर काय! ग्रीकांच्या एकडोळ्या राक्षसांची कथा भूमध्य समुद्रातल्या बेटांवरच्या बुटक्या हत्तींच्या कवट्यांवरून सुचली असावी, असं ओथेनिओ आबेल यांनी १९१४ मध्ये सुचवलं होतं. सिद्ध करता येण्यासारखी गोष्ट नाही ती, पण मला पटते.

आता विनंत्या. हाड बिबट्याचं, साळिंदराचं किंवा कुठल्याही रानटी जनावराचं असेल असा संशय आला तर ते उचलून घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बिबट्याचं हाड बाळगणं गुन्हा आहे, शोभेसाठी असो की अभ्यासासाठी. जागेवरच राहू द्या आणि वनविभागाला सांगा. फोटो पाठवायचा तर दोन्ही अंगांनी काढा. जोडीचं भोक पलीकडे आहे की नाही हे कळल्याशिवाय मला काही सांगता येत नाही. शेजारी दहाचं नाणं ठेवा, ते २७ मिलिमीटरचं असतं, मापाचा अंदाज येतो. दंडाचं हाड असेल तर कोपराकडचं टोक आतल्या बाजूनं, जवळून. आणि कृपा करून हाड धुऊन, हळदकुंकू लावून मग फोटो काढू नका, कड दिसत नाही.