घराजवळची जागा का सोडली

केंद्रप्रमुखाची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहावर देखरेख करण्याची, नोकरी सांभाळून घराजवळच्या विद्यापीठात मिळालेली पीएच.डी.ची जागा मी का सोडली आणि पुन्हा शैक्षणिक पर्यवेक्षण (शिक्षकांचे वर्गातील काम पाहून त्यांना मार्गदर्शन करणे) हाच विषय का धरला, हे मला शिक्षण परिषदेपासून लग्नकार्यापर्यंत सर्वत्र विचारले जाते. तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझा आराखडा मोजक्या शिक्षकांसोबत वर्षभर काम करण्याचा होता: पाठापूर्वी बोलायचे, पाठ पाहायचा, नंतर दोघांनी मिळून त्याची चिकित्सा करायची. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मॉरिस कोगन यांनी हार्वर्डमध्ये विकसित केलेली ही पद्धत, एका खोलीत दोन इयत्ता बसवणाऱ्या आपल्या द्विशिक्षकी शाळांत कितपत चालते, हे मला पाहायचे होते. मुलाखतीत मार्गदर्शकांनी आराखडा मिटवून बाजूला ठेवला. "मॅडम, केंद्रप्रमुखांचे कार्यसमाधान हा विषय घ्या. प्रश्नावली भरून घ्या, टक्केवारी काढा, वेळेत मोकळ्या व्हाल." मी विचारले, "मग वर्गात बसायचे कोणी?" समितीतील एक सदस्य म्हणाले, "वर्गात तुम्ही रोजच जाता की." ते मला फार लागले. आमच्या शाळाभेटीचा वेळ पट, पोषण आहार आणि यू-डायसची (शाळांच्या सरकारी आकडेवारी-नोंदणीची) माहिती तपासण्यात जातो. शेरेबुकात 'अध्यापन समाधानकारक' असे लिहिले जाते आणि भागाकारात अडलेले मूल तिथेच अडून राहते. नेमके हेच मला अभ्यासायचे होते. प्रवेश निश्चित करण्याची मुदत मी जाऊ दिली.

मार्गदर्शकांची बाजू मला कळत नाही, असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि प्राध्यापकाला आठच संशोधक घेता येतात. त्यात अर्धवेळ, रखडण्याची शक्यता असलेली विद्यार्थिनी कोणाला हवी असेल? पण मग आराखडा मागवायचाच कशाला?

त्या वेळी मी विषयच सर्वस्व मानत होते. आज मार्गदर्शक अधिक महत्त्वाचे वाटतात, म्हणून पुढच्या खेपेस शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरचे प्रबंध वाचून, ज्यांचे विद्यार्थी खरोखर वर्गात बसले होते अशा मार्गदर्शकांकडे, दूरच्या विद्यापीठात गेले. मात्र घरच्यांचा एक मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही: मध्येच बदली झाली तर माझी वर्षभराची निरीक्षणे अर्धवट राहतील, प्रश्नावलीला ती भीती नव्हती.