जोतिबाचे खेटे आणि डोंगराचं जिवंत पाणी

माघात खेटे, म्हणजे कोल्हापुरातून जोतिबाच्या डोंगरापर्यंतच्या रविवारच्या पायी वाऱ्या, सुरू झाले की पहाटे तीनलाच पंचगंगेवर अंघोळ उरकून निघायचं. शिवाजी पूल, वडणगे, निगवे, कुशिरे आणि मग गायमुखाकडून चढण, असे सतरा-अठरा किलोमीटर. तेही अनवाणी. केदारनाथाकडं परत निघालेल्या जोतिबाला थांबवायला अंबाबाई अशीच गेली होती म्हणतात.

चढापेक्षा सपाटीच पाय खाते. उसाचा गळीत हंगाम असतो, ट्रॉल्यांतून पडलेलं पाचट अंधारात दिसत नाही आणि त्याची पाती तळवा चिरते. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं चालावं. नऊनंतर डांबर तापतं, म्हणून दर्शन लवकर घेऊन उतरणारे शहाणे.

पन्हाळा-जोतिबाच्या रांगेत कड्याच्या पोटाला जागोजागी पाझर लागतात. पावसाचं पाणी भेगाळ खडकातून खाली मुरतं, मध्ये अखंड खडक किंवा चिकण तांबडा थर आडवा आला की उताराच्या अंगानं बाहेर पडतं. आसपासच्या वाड्या अशा पाण्याची वाटणी नेमानं पाळतात. धारेखाली घागर, त्याखालच्या डोणीत जनावरं आणि धुणं अगदी शेवटी. हा क्रम मोडला की वरचं पाणी नासलंच म्हणून समजा.

आम्ही धारेखाली लिटरची बाटली धरून सेकंद मोजतो. वीस सेकंदांत भरली तर मिनिटाला तीन लिटर, म्हणजे दिवसाला ४,३२० लिटर. उन्हाळ्यात एक दुभती म्हैस साठ-सत्तर लिटर सहज पिते, तेव्हा ही बारीक धारसुद्धा वाडीला केवढी मोठी! मात्र ती रात्रभर टाकीत साठली तरच. फाल्गुनात धार आणखी बारीक होते.

भाविकांच्या पिण्यानं झरा आटत नाही. टाकीत पाय बुडवणं, नारळाच्या शेंड्या, गुलालाच्या पिशव्या यांनी पाणी नासतं आणि तोटी तुंबते. दुसरा घोटाळा हौसेच्या बांधकामाचा. पाझराच्या तोंडावरच सिमेंट थापलं की पाणी दाबानं दुसरीकडं फुटतं, टाकी कोरडी आणि शेजारच्या रानात चिखल! तोंडाशी गोटे रचून पुढं भिंत घालावी, गाळ पावसाआधी काढावा. वरच्या उतारावर बोअर मारली तर मात्र इलाज राहत नाही.

प्यायचं तर धारेखालचं, टाकीतलं नव्हे. पोट नाजूक असणाऱ्यांनी घरचंच उकळलेलं आणावं. चढाला लागताना बाटली अर्धीच भरावी, वर देवळाजवळ पाणी मिळतं.