तुम्ही विचारलंत म्हणून : गोव्याला जाऊन साखळीत कसला मुक्काम?

गाडी घेऊन गोव्याला निघालोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "यंदा कुठला बीच?" आणि साखळी, म्हणजे उत्तर गोव्यातलं समुद्रापासून आत असलेलं गाव, म्हटलं की दुसरा, "तिथे कुठाय समुद्र?" नणंदेपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालंय. दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी गाडीबद्दल. यांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. निवृत्तीनंतर एक जुनी ट्रॅव्हलर घेऊन यांनी तिचं घर केलं. दोन बाकांची झोपायची जागा, शंभर लिटर पाण्याची टाकी, टपावर सौर पॅनेल, पाच किलोचा सिलिंडर आणि एक छोटंसं संडास. पहिल्या वर्षी आम्हीही समुद्रावरच गेलो होतो. एका प्रसिद्ध किनाऱ्याच्या पार्किंगमध्ये पैसे भरून गाडी लावली. रात्री दोन वाजता कुणीतरी दार बडवलं, इथे झोपायचं नाही म्हणून. मग उरलेली रात्र जागा शोधण्यात गेली. ते लोक चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. किनाऱ्यावर येऊन चुली मांडणाऱ्यांनी इतकी घाण केली होती, की २०१९ मध्ये गोव्याने कायदा करून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी घातली. पण पाणी भरायचं कुठे, संडासाची टाकी रिकामी करायची कुठे, हे त्या गर्दीत विचारायचं तरी कुणाला? चाकांवरच्या घराला देखाव्याआधी शेजार लागतो, हे मला त्या रात्री कळलं.

साखळी आम्हाला दुसऱ्या वर्षी भेटली. बेळगावहून चोर्ला घाट उतरत होतो. धुकं दाट, ब्रेक तापलेले. केरीला अंजुणे धरणाशी थोडं थांबलो आणि खाली साखळीत पोचेपर्यंत अंधार पडला. बाजारातल्या एका हॉटेलात चहा घेताना यांनी मालकाला विचारलं, रात्रीपुरती गाडी लावायला जागा मिळेल का? मालक विचार करत होता, तेवढ्यात शेजारी पाव घ्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, "आमचं अंगण मोकळं आहे. या." त्या काकी. तेव्हापासून दर वर्षी आमची गाडी त्यांच्याच अंगणात लागते.

त्या रात्री गाडी कुठे लावायची हेही काकींनीच सांगितलं. माडाखाली नको, नारळ पडेल. फणसाखालीही नको. मग विहिरीच्या पलीकडे, आंब्याच्या सावलीत जागा ठरली. सकाळी त्यांनी न्हाणीतल्या भाणात, म्हणजे पाणी तापवायच्या मोठ्या हंड्यात, पाणी तापवलं आणि मला म्हणाल्या, "त्या डब्यात कसली आंघोळ करतेस गो बाय? ये." भांडी घासलेलं पाणी आम्ही बादलीत साठवून केळीच्या आळ्यात ओततो, म्हणून साबण साधा वापरायचा हा गाडीचा नियम झाला. संडासाची टाकी त्यांच्या संडासात रिकामी करून धुऊन ठेवायची. या गोष्टी कुणी फोटोत काढत नाही, पण मुक्काम सुखाचा होतो तो यांच्यावरच.

सकाळ होते पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याने. सायकलच्या टोपलीत उंडे आणि पोई, हे गोव्याचे पाव. गरम पोई हातात धरून बाजारात जायचं आणि पातळ भाजी मागवायची. वर एक मिरची भजी. पावभाजी म्हटल्यावर आपल्याला जे आठवतं ते हे नव्हे. ही वाटाण्याची नाहीतर बटाट्याची साधी भाजी, पण त्या रश्शाला ओल्या खोबऱ्याचा असा गोडवा असतो की मी आजवर घरी तीन वेळा करून पाहिली आणि तिन्ही वेळा यांनी नुसती मान हलवली. दुपारचं जेवण काकींकडे. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी : अळसांद्याचं (चवळीसारखं कडधान्य) तोणक, म्हणजे खोबऱ्याचा रस्सा, तांबडी भाजी, सोलकढी. त्या दिवशी मासे नाहीत म्हणून हिरमुसू नका. तिरफळ घातलेलं तोणक खाल्लंत तर मंगळवारची वाट पाहायचंही विसराल.

मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर काजू. या भागात, डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत, डोंगरच्या डोंगर काजूचे आहेत, आणि त्या दिवसांत साखळीच्या आसपास हवेलाच आंबूस गोड वास असतो. बोंडू, म्हणजे काजूची फळं, तुडवून रस काढतात, तो आंबवून भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेचा हुर्राक, दुसऱ्यांदा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मी पीत नाही, पण तुडवलेल्या बोंडवांच्या ढिगावर दगड ठेवला की खालून जो स्वच्छ रस ठिबकतो, तो नीरो, मला दिवसभर चालेल. तो बाटलीत भरून घरी नेता येत नाही, दुपार उलटली की आंबायला लागतो. तिथेच, त्याच सकाळी प्यायचा.

आता फिरण्याचं. गाडी अंगणातून हलवायची नाही, हा आमचा दुसरा नियम. घर कशाला हलवायचं? पणजीला जायचं तर कदंबची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, बस आहे. हरवळ्याचा धबधबा जवळ आहे, त्याच्या पायथ्याशी रुद्रेश्वराचं देऊळ, आणि थोडं अलीकडे जांभ्या दगडात कोरलेली लेणी. लोक त्यांना पांडवांच्या गुंफा म्हणतात. आत शिवलिंगं आहेत. दुपारच्या उन्हातून त्या दालनात शिरलं की जांभ्याचा गारवा थेट टाळूला जाणवतो.

लांबची फेरी एकच, पण माझी सगळ्यात आवडती. काकींच्या मुलाची स्कूटर घेऊन डिचोली, मये करत नार्व्याला जायचं. तिथे सप्तकोटेश्वर. गोव्यावर पूर्वी राज्य करणाऱ्या कदंब राजांचं हे दैवत. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. ते पोर्तुगिजांनी पाडल्यावर देव नदीच्या अलीकडे नार्व्याला आणले, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तसा शिलालेख दारावर आहे. देऊळ भव्य नाही, आणि ते तसंच असावं असं मला वाटतं. झाडीतून उतरत गेलं की अचानक समोर येतं. तिथून फेरीबोटीने नदी ओलांडून दिवाडीवर, बेट पार करून दुसऱ्या फेरीने जुन्या गोव्यात. देव ज्या वाटेने आले तीच वाट आपण उलटी जातो, हे मनात आलं की त्या दहा मिनिटांच्या फेरीत मी कुणाशी बोलत नाही. मोठी गाडी मात्र या फेरीबोटीवर नेऊ नका. ओहोटीला उतार तीव्र होतो आणि आमच्या गाडीचा मागचा भाग एकदा धक्क्यावर असा घासला की बंपर सरळ करायला यांना दोन दिवस लागले.

साखळीच्या वाळवंटी नदीबद्दल खरं तेही सांगायला हवं. ही नदी पावसात गरीब राहत नाही. पूर आला की पाणी साखळीच्या बाजारापर्यंत येतं, आणि चोर्ल्यात झाडं पडतात. म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही जात नाही. आणि हा खनिजाचा पट्टा आहे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकवर पोट असलेली किती घरं बसली, हे काकींच्या ओटीवर ऐकावं. त्यांच्या मुलाचाही ट्रक होता. रस्त्यावरची लाल धूळ कमी झाली म्हणून खूश व्हायचं की नाही, ते मला त्या ओटीवर बसून ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळी नदीपलीकडे विठ्ठलापूरला. नदीकाठी विठ्ठलाचं देऊळ आहे, राणे घराण्याशी जोडलेलं. हे तेच सत्तरीचे राणे, ज्यांच्यातल्या दीपाजी राण्यांनी १८५२ मध्ये पोर्तुगिजांविरुद्ध बंड केलं. काकींच्या घरात बोलणं कोकणी, पण देवळात अभंग मराठी, ओटीवरचं वर्तमानपत्र मराठी, आणि गावच्या जत्रेतलं नाटकही मराठी. कोल्हापूरहून इतक्या लांब येऊन, अनोळखी माणसांच्या मध्ये बसून तुकोबांचा अभंग सोबतीने म्हणता येतो. पहिल्यांदा माझा आवाजच फुटेना, डोळे भरून आले होते.

आणि त्रिपुरारी पौर्णिमा. त्या रात्री विठ्ठलापूरला वाळवंटीत दिवे सोडतात, आणि हाताने बनवलेल्या, दिव्यांनी सजवलेल्या नौका पाण्यात उतरवतात, त्यांची स्पर्धा असते. दोन्ही काठ माणसांनी भरलेले. काकींचा नातू नववीत आहे, गेल्या वर्षी त्याची नौका अर्ध्या पात्रात विझली. बॅटरीची जोडणी भिजली होती. तो बराच वेळ पायरीवर बसून राहिला, आणि हे त्याच्या शेजारी. काय बोलले मला माहीत नाही.

परवा त्याचा फोन आला. यंदाची नौका चार फुटांची आहे, वायरिंग आजोबांनी येऊन करायचं. यांनी गाडीच्या पेटीत पाणी न शिरणारे जोड आणि चार मीटर जास्तीची वायर आत्ताच टाकून ठेवलीय.