आमची वाटचाल : पवनचक्क्या उतरवणाऱ्यांची

सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडी, ठोसेघर आणि वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या त्याला पाव शतक उलटून गेलं. २२५, २३०, ३५० किलोवॅटची ती यंत्रं. आराखड्यात धरलेलं आयुष्य वीस वर्षांचं. उभारणीच्या काळात रिगर, फिटर, क्रेनचालक म्हणून तयार झालेली माणसं या भागात गावोगाव आहेत. पण उभं केलेलं नीट खाली आणायचं काम भंगारवाल्यांशिवाय कोणी अंगावर घेत नव्हतं. ते आम्ही घेतलं. आजवर आमच्या हुकाखालून एकही नॅसेल (टॉवरच्या माथ्यावरची यंत्रपेटी) सुटलेलं नाही, आणि हे सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही.

धंद्याची पहिली अडचण यंत्रात नव्हती, मालकांत होती. त्या काळात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळायचा, म्हणजे सगळी किंमत करपात्र उत्पन्नातून वजा. त्यामुळे बऱ्याच जणांनी यंत्र घेतलं ते वाऱ्यापेक्षा करासाठी. पैसे तेव्हाच वसूल झालेले, मग वीस वर्षांनी यंत्राचं काय करायचं हा प्रश्न मालकाने मुनीमाकडे ढकललेला असतो. मुनीम निविदा काढतो ती ‘जसे आहे, जेथे आहे’ तत्त्वावर, आणि भाव मागतो किलोवर. किलोवर भाव लावला की चालू स्थितीतला गिअरबॉक्स आणि गंजका पत्रा एकाच तराजूत बसतात. आमची सगळी तक्रार या एका ओळीत आहे.

अशा निविदांत आमच्या समोर नेहमी एकच प्रतिस्पर्धी असायचा. नाव घेत नाही. पठारावर सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची पद्धत साधी: टॉवरच्या दोन पायांना गॅसकटर लावायचा, उरलेल्या दोन पायांच्या बाजूने वायररोप बांधून ट्रॅक्टरने किंवा पोकलेनने ओढायचं. अर्ध्या दिवसात यंत्र आडवं. क्रेन नाही, त्यामुळे भाव आमच्यापेक्षा चढा देता यायचा. पडताना काय होतं ते मालकाला दिसत नाही. पाती फुटून काचतंतूंच्या चिंध्या पठारावर शे-दोनशे फूट उडतात. त्या चरणाऱ्या गुरांच्या तोंडात जातात आणि हाताने वेचून संपत नाहीत. गिअरबॉक्सचं बीड (ओतीव लोखंड) फुटतं, तेल जांभ्यात मुरतं. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, वर सांडलेलं खालच्या झऱ्याला लागतं. आणि ज्या मुख्य शाफ्टला, जनरेटरला गिऱ्हाईक होतं ते सगळं भट्टीचा माल होतं. दोन हंगाम आम्ही एकामागून एक निविदा हरलो त्या या पद्धतीपुढे.

आमची पद्धत उभारणीच्या बरोबर उलट्या क्रमाची. पठारावर ती नोव्हेंबर ते मे एवढीच चालते. जूनपासून धुकं, पाऊस आणि ज्यासाठी यंत्रं उभी केली तो वारा. आधी वीज तोडायची, ट्रान्सफॉर्मरकडून आणि पॅनेलमधून दोन्हीकडून, अर्थिंग करून कुलूप लावायचं. पॅनेलमधले कपॅसिटर उतरल्याची खात्री मीटरने करायची, अंदाजाने नाही. मग वर जाऊन रोटर (पाती आणि ती धरणारा हब) फिरू नये म्हणून त्याच्या लॉकची पिन घालायची. गिअरबॉक्सचं तेल वरच काढून पिंपात खाली सोडायचं. हायड्रॉलिक युनिटचा दाब शून्यावर आणला तरी ॲक्युम्युलेटरमधला (दाब साठवणाऱ्या नळकांड्यातला) नायट्रोजन तसाच असतो. तो वेगळा सोडावा लागतो. भंगाराच्या वाड्यात गॅसकटर लागल्यावर जे नळकांडं फुटतं ते हेच.

२२५ किलोवॅटच्या पिच-नियंत्रित (पात्यांचा कोन बदलणाऱ्या) यंत्रात पाती फिरवणारी सळई पोकळ शाफ्टमधून हबपर्यंत जाते. रोटर सोडवण्याआधी ती हबकडून मोकळी करायची. राहिली तर रोटर बाहेर येताना ती वाकते, आणि तशी सळई नव्याने बनवून घ्यायला जो खर्च येतो त्यात क्रेनचं एका दिवसाचं भाडं निघतं. रोटर अख्खा उतरवायला दोन क्रेन: एक पातं सरळ खाली, वरच्या दोन पात्यांच्या बुडख्यांना मोठ्या क्रेनचे पट्टे, खालच्या पात्याच्या टोकाशी हायड्रा (लहान फिरती क्रेन). खरं कसब शेवटच्या चार बोल्टांत असतं. क्रेनच्या काट्यावर रोटरचं हिशोबाचं वजन येईपर्यंतच ताण घ्यायचा. कमी घेतला तर बोल्ट अडकून बसतात, जास्त घेतला तर शेवटचा बोल्ट निघताक्षणी रोटर वर उसळतो. वारा सेकंदाला आठ मीटरच्या वर गेला की काम बंद, मग क्रेनचं भाडं चालू राहो.

बोल्टांबद्दल आमचा हट्ट प्रसिद्ध आहे. वर्कशॉपमध्ये तीन हायड्रॉलिक टॉर्क पाने आहेत आणि एक नट फोडायचा पाना. गॅसकटर आम्ही नॅसेल जमिनीवर आल्याशिवाय काढत नाही. गिअरबॉक्स मुख्य शाफ्टला श्रिंक डिस्कने (बोल्टांनी आवळलेल्या कड्याने) धरलेला असतो. तिचे बोल्ट एकेक करून पूर्ण काढले तर साठलेला ताण एका बाजूला येऊन डिस्क उडते. प्रत्येक बोल्ट पाव आटा, गोल फिरून पुन्हा पाव आटा, असे फेरे करायचे. नव्या पोराला हे करायला कंटाळा येतो. त्याला आम्ही उडालेली डिस्क दाखवतो, ती भिंतीला टांगून ठेवलेली आहे (आमची नव्हे, विकत आणलेली). आणि एकदा ताण घेतलेले १०.९ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत, कितीही चकचकीत दिसले तरी.

उतरवलेल्या मालाच्या वाटा आता ठरून गेल्यात. हबचं बीड कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत जातं; रंग आणि बोल्ट काढलेलं स्वच्छ एस.जी. (चिवट जातीचं) बीड असेल तर ते हातोहात घेतात. नळीच्या टॉवरचं पोलाद जालन्याच्या भट्ट्यांकडे. जाळीच्या टॉवरचे अँगल मात्र भट्टीला देऊ नका. त्यांच्यावर जस्ताचा थर असतो, भट्टीत धूर होतो, भाव पडतो. तेच अँगल सुटे काढले तर गोठ्याला, शेडला, द्राक्षाच्या मांडवाला दुप्पट मोलाचे. कापायचेच असतील तर वारा पाठीवर घेऊन कापा. जस्ताच्या धुराने रात्री ताप भरतो आणि दूध प्यायल्याने तो टळत नाही, वाड्यावर सगळे काहीही सांगोत. बिनगिअरच्या २३० किलोवॅटच्या यंत्रांत मोठ्या कड्याचा जनरेटर असतो. त्यातलं तांबं हाच तिथला नफा, त्यामुळे त्या यंत्रांवर चोरांचाही डोळा असतो.

आता पात्यांबद्दल, कारण त्यांनीच आम्हाला जवळजवळ बुडवलं होतं.

पवनचक्कीच्या वजनातला ८५ ते ९० टक्के भाग सहज पुन्हा वापरात येतो असं सगळीकडे छापलेलं असतं, आणि ते बरोबर आहे. धंदा बुडतो तो उरलेल्या भागाने. पातं म्हणजे काचतंतू आणि रेझिन. एकदा घट्ट झालेलं रेझिन पुन्हा वितळत नाही. एका मोठ्या कंत्राटात अट अशी होती की पात्यांची विल्हेवाट लागल्याचा कागद दिल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. विल्हेवाट कुठे आणि कशी, यावर निविदेत अवाक्षर नव्हतं. यंत्रं उतरली, पोलाद विकलं गेलं, पाती भाड्याच्या जागेत साठत गेली. पातं पोकळ, ट्रक क्षमतेच्या पाव वजनातच भरून जातो, म्हणजे भाडं हवेचं भरायचं. सिमेंटच्या भट्ट्या हा माल घेतात, कारण रेझिन इंधन म्हणून जळतं आणि काचेतली सिलिका, चुना, अॅल्युमिना क्लिंकरमध्ये (ज्याचं दळून सिमेंट होतं त्यात) मिसळून जातात, राखही उरत नाही. पण त्या भट्ट्या बागलकोट-कलबुर्गी पट्ट्यात नाहीतर चंद्रपुरात. एकीकडे दोन राज्यांचे कागद, दुसरीकडे साताऱ्यापासून सातशे किलोमीटरच्या पुढचं भाडं.

पहिल्या गाड्या भट्टीने परत पाठवल्या. कारणं त्यांच्या बाजूने योग्यच होती. बुडख्यात बसवलेल्या पोलादी बुशिंगचे तुकडे मालात आले होते. काही पात्यांच्या गाभ्यात पीव्हीसीचा फोम होता, त्यातला क्लोरीन भट्टीआधीच्या प्रीहीटरमध्ये थर धरून त्याचे सायक्लोन (माल तापवणारी नरसाळी) तुंबवतो. आणि तुकड्यांचे आकार एकसारखे नव्हते. तोवर पावसाळा लागला. कॅश क्रेडिटचा हप्ता थकला, बँकेचे फोन सुरू झाले, जागामालकाने पाती हलवा म्हणून नोटीस दिली. त्याच महिन्यांत प्रतिस्पर्ध्याने शेजारच्या टेकडीवरची यंत्रं आडवी केली आणि फुटलेली पाती तिथेच खड्ड्यात लोटली. त्याचं बिल निघालं. आमचं अडकलं.

आमचे पहिले भागीदार, मूळचे रिगर, यांनी त्या वेळी स्वतःची हायड्रा विकली. धंद्यातला त्यांचा वाटा त्यांनी नंतर सोडला, पण आजही एखादी अवघड उचल असली की पट्टा कुठे बांधायचा हे त्यांनाच विचारतो. हायड्राच्या पैशांतून कमी वेगाचा दोन शाफ्टचा श्रेडर (माल कातरून तुकडे करणारं यंत्र) भाड्याने आला. तेव्हापासून कापण्याचा क्रम पक्का आहे. बुडख्याचा पहिला मीटर वेगळा, कारण लोखंड त्यात. आकाशातली वीज जमिनीत नेणारा टोकाचा पट्टा आणि तार ओढून बाहेर. मधला भाग पाण्याची धार सोडून डायमंड चकतीने चार-साडेचार मीटरच्या तुकड्यांत. कोरडा ग्राइंडर कधीच नाही. ती धूळ कातडीत शिरली की आठवडाभर खाज जात नाही, आणि छातीत गेली तर निघतच नाही. गाभा पाहून पीव्हीसीचे तुकडे बाजूला. मग श्रेडर. श्रेडर पात्यांना खातो त्यापेक्षा काच त्याच्या सुऱ्यांना जास्त खाते. सुऱ्यांना धार लावण्याचा खर्च टनामागे आधीच धरा. फीड कोरडा असेल तर तंतूंचे गोळे शाफ्टला गुंडाळतात, म्हणून तिथेही पाण्याचा फवारा. असा माल गेल्यावर भट्टीने घेतला आणि कागद मिळाला. नंतरची वर्षं सुरळीत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

गिऱ्हाइकांत एकाच माणसाबद्दल लिहायचं तर इचलकरंजीच्या अण्णांबद्दल. त्यांची २२५ किलोवॅटची यंत्रं अजून फिरतात, ती आमच्याकडून गेलेल्या सुट्या भागांवर. गिअरबॉक्स घ्यायला आले की निरीक्षणाची झाकणं उघडून आरशाने दातांच्या कडा बघतात, खड्डे पडलेत का ते नखाने चाचपतात. मग शाफ्ट हाताने फिरवायला लावून लोखंडी सळईचं एक टोक बेअरिंगच्या घरावर आणि दुसरं कानाला. एकदा म्हणाले, “हा गडी घाटातनं लॉक न लावता आणलाय, मालक. रोलर बोलतोय.” खरोखरच उघडल्यावर रोलरचे ठसे वलयावर उमटलेले निघाले, वाहतूकवाल्याने शाफ्टची पाचर काढली होती. अण्णांनी आजवर कधी किलोवर भाव विचारलेला नाही. उधारीही नाही.

आता न विचारता थोडं सांगतो. जुना गिअरबॉक्स घेतलात तर तेल भरून रबराच्या गादीवर ठेवा आणि महिन्यातून एकदा शाफ्ट फिरवून वेगळ्या जागी थांबवा. जनरेटर पठाराच्या ओलीतून आला असेल तर मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावल्याशिवाय वीज देऊ नका. आकडा कमी आला तर वाइंडिंग हळूहळू तापवून सुकवा, पुन्हा मोजा. मालकांनो, निविदेत पात्यांसाठी वेगळी ओळ ठेवा, तुम्ही टनामागे द्यायच्या दराची. केंद्राच्या २०२३ च्या पुनर्शक्तीकरण धोरणात २ मेगावॅटखालची यंत्रं येतात, म्हणजे पठारावरचं जवळपास सगळं. जागा चांगली, वारा चांगला, मोठं यंत्र त्याच जागी येणार. मग खालच्या जुन्या चौथऱ्यांचं काँक्रीट कोण फोडणार हेही आत्ताच लिहून घ्या.

समुद्रातल्या पवनचक्क्यांची आपल्याकडे अजून उभारणी नाही. गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्याजवळच्या १,००० मेगावॅटसाठी केंद्राने २०२४ मध्ये ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. जगातलं पहिलं समुद्रातलं केंद्र, डेन्मार्कचं विंडेबी, १९९१ चं. ४५० किलोवॅटची ११ यंत्रं, २०१७ मध्ये उतरवली. काम क्रेन बसवलेल्या तराफ्यावरून, क्रम आमचाच: पाती, नॅसेल, टॉवर. ती यंत्रं लहान होती. आताच्या समुद्रातल्या बिनगिअरच्या यंत्रांत मेगावॅटमागे सुमारे ६०० किलो कायमचुंबक असतो. तो नॅसेलमधून सुटा करताना पोलादी हत्यार जवळ नेलं तर हात त्याच्यात सापडतो, म्हणून आधी तापवून चुंबकत्व घालवावं लागतं. गुजरातच्या किनाऱ्यावर यंत्रं उतरवायची वेळ येईल तेव्हा ती ओढून जहाजं तोडतात त्या अलंगला न्यावीत आणि गॅसकटर लावावा, असं म्हणणारे आत्ताच भेटतात. पठारावर टॉवर ओढून पाडणाऱ्यांचीच ती जात. उतरवण्याचा खर्च उभारणीच्या करारात बाजूला काढून ठेवला नाही, तर भाव पुन्हा किलोवरच येणार.

सध्या वर्कशॉपमध्ये २२५/५० किलोवॅटचे दोन जनरेटर, तपासलेला एक गिअरबॉक्स, यॉचे (नॅसेल वाऱ्याकडे वळवणारे) मोटर-गिअर आणि ब्रेक कॅलिपर शिल्लक आहेत. जाळीच्या टॉवरचे अँगल मापाप्रमाणे सुटे मिळतील. बघायला येणाऱ्यांनी मेअखेरपर्यंत यावं, नंतर आमची माणसं शेतीच्या कामावर असतात. गिअरबॉक्स उघडून दाखवतो, पण झाकणाचे नट आम्हीच खोलणार.