वजन हलत नाही, मग चालायचं कशाला?

नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर ओळखीच्या मुली भेटल्या की हा प्रश्न येतोच. "ताई, महिनोन्‌महिने चालतेय, काटा जागचा हलत नाही. पीसीओडीत व्यायामाचा खरंच उपयोग होतो का?" पीसीओडी, म्हणजेच पीसीओएस, हा संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास. मलाही तोच आहे हे त्यांना माहीत असतं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

होतो. वजन उतरण्याआधी होतो आणि न उतरताही होतो.

पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. अगदी सडपातळ मुलींमध्येही हे दिसतं. मग साखर आटोक्यात ठेवायला स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि उपाशीपोटीच्या साखरेचा रिपोर्ट कितीतरी वर्षं नॉर्मल येत राहतो. इकडे हे वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरकं जास्त तयार करायला लावतं. रक्तात टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं यकृतातलं प्रथिनही त्यामुळे कमी होतं. हनुवटीवरचे केस, मुरमं, लांबणारी पाळी यांच्यामागे बऱ्याचदा हेच असतं. मानेवरचा काळपट पट्टाही बहुतेक वेळा इन्सुलिनचाच. तो मळ नव्हे. "मान घासत जा जरा," असं कुणाच्याही लेकीला चारचौघांत ऐकवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आता व्यायामाचं. इन्सुलिनच्या मदतीनं रक्तातली जी साखर वापरली जाते, तिचा सर्वांत मोठा वाटा स्नायू उचलतात. त्यासाठी ग्लूट-४ नावाचे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर यावे लागतात. इन्सुलिनच्या हाकेला ते कमी येतात, तिथेच अडतं. पण स्नायू आकुंचन पावला की हेच वाहक इन्सुलिनशिवायही वर येतात. पुढचं दार अडकलेलं असलं तरी मागचं उघडतं. व्यायाम थांबल्यावरही पुढचा दिवस-दोन दिवस स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देतात. वजनकाट्यावर यातलं काहीच दिसत नाही.

म्हणूनच रविवारी पांडवलेणी चढायची, खाली येऊन मिसळ खायची आणि पुढचे सहा दिवस खुर्चीत काढायचे, यानं भागत नाही. चढाच, फार चांगलं आहे ते. पण त्याचा असर मंगळवार-बुधवारपर्यंत ओसरतो. दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, एवढं एक पाळलंत तरी पुष्कळ. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्या बायकांना सकाळचा ट्रॅक कुठून मिळणार? त्यांनी जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चालावं. जेवणानंतर चढणारी साखर त्यानंही कमी चढते.

पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सांगितलाय. शिवाय दोन दिवस, लागोपाठ नाही, स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. आपल्याकडे गळतो तो नेमका हाच. "वजनं उचलली तर पुरुषासारखी दिसेन," असं हनुवटीचे केस लपवणारी मुलगी म्हणते तेव्हा माझ्या पोटात तुटतं. वजनं उचलून केस वाढत नाहीत, आवाज जाड होत नाही. उलट साखर ओढून घेणारा स्नायू वाढतो. जिमचे पैसे नसतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठबस करा, भिंतीला हात लावून रेटे द्या, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचला.

काटा पाहायचाच असेल तर महिन्यातून एकदा. त्यापेक्षा कंबरेचं माप घ्या, पाळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहा. साखरेसाठी ग्लुकोज पाजून करतात ती दोन तासांची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. गोळ्या चालू असतील तर आपल्या मनानं बंद करू नका. आणि पाळी तीन महिने आलीच नाही तर चालण्यावर भरवसा ठेवून घरी बसू नका. गर्भाशयाचं अस्तर वाढत राहणं बरं नाही, डॉक्टरांना दाखवा.

व्यायामानं सगळ्यांचीच पाळी सुधारते असं नाही, काहींची सुधारते. तशी सुधारली तर बीजही सुटू लागतं. "मला पीसीओडी आहे, मला कुठे दिवस राहणार," या समजुतीत राहू नका. मूल नको असेल तर गर्भनिरोधकाचं डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.