उत्तरसूचीशिवाय : आमची वाटचाल

प्राथमिक वर्गांसाठी कार्यपुस्तिका छापण्याचा व्यवसाय आम्ही दोघांनी सुरू केला, तेव्हा माझ्या भागीदारांच्या गाठीशी शिकवण्याचा अनुभव होता आणि माझ्या गाठीशी छपाईचा. मुलांनी स्वतःच्या बुद्धीने विचार करावा असे काही ध्येय तेव्हा आमच्यापुढे होते, असे आज सांगितले तर ते खोटे ठरेल. पुस्तिका नीटनेटकी असावी, शिक्षकांचा तपासण्याचा वेळ वाचावा आणि मुलांनी ती हौसेने सोडवावी, एवढाच विचार होता. म्हणून शेवटच्या पानावर उत्तरसूची असे आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक पानासाठी एक सोनेरी चांदणी. पहिली काही वर्षे मागणी वाढतच गेली.

आमचे डोळे उघडले ते आमच्याच चुकीने. एका आवृत्तीच्या उत्तरसूचीत २७ अधिक ३५ या बेरजेचे उत्तर ६२ ऐवजी ५२ असे छापले गेले. तक्रार आल्यावर आम्ही एका वर्गाच्या पुस्तिका पाहायला मागवल्या. बहुतेक मुलांनी आधी ६२ लिहून, मग ते खोडून ५२ केले होते. खोडरबराने कागद पातळ झाला होता, तरी खालचा सहा दिसत होता. एका मुलीने मात्र आपले उत्तर तसेच ठेवून शेजारी बारीक अक्षरात लिहिले होते, ‘माझे ६२च येते आहे.’ छपाईची चूक शुद्धिपत्र काढून निस्तरता आली. पण जवळजवळ अख्ख्या वर्गाला स्वतःच्या हिशेबापेक्षा मागचे पान अधिक खरे वाटले होते, त्यावर शुद्धिपत्र कोठून काढणार?

त्यानंतर भागीदारांच्या आग्रहावरून मी स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्या कामाकडे वळलो. मुलांच्या नैतिक विचारांविषयीचा त्यांचा अभ्यास १९३२ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांना, हे नियम आले कोठून आणि ते बदलता येतील का, असे विचारले होते. लहान मुलांना नियम मोठ्यांनी घालून दिलेले आणि अढळ वाटत. दहा-बारा वर्षांच्या मुलांना ते सर्वांच्या संमतीने बदलता येतात हे उमगलेले असे. पियाजे यांच्याबरोबर काम केलेल्या कॉन्स्टन्स कामी यांनी ही दृष्टी अंकगणिताच्या वर्गात नेली : हातच्याची रीत आयती न देता मुलांना आपापली रीत शोधू द्यायची, आणि कोणाचे उत्तर बरोबर हे शिक्षकांनी जाहीर न करता मुलांनी एकमेकांना पटवून ठरवायचे.

पुढच्या आवृत्तीतून आम्ही उत्तरसूची काढली आणि प्रत्येक उदाहरणाखाली दोन रिकाम्या चौकटी ठेवल्या, एक स्वतःच्या रीतीसाठी आणि दुसरी शेजाऱ्याच्या रीतीसाठी. एका शाळेने मागणी रद्द केली, आणि ‘काम वाढले’ हा शिक्षकांचा आक्षेप खराच होता. त्यांच्यासाठी काढलेल्या छोट्या पुस्तिकेत आम्ही अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांच्या निरीक्षणांचा आधार घेतला. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ही वेळ तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरे लांबतात व ‘माहीत नाही’ कमी होते, असे त्यांना आढळले होते. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण वर्गासमोर गप्प उभे राहून ते मोजताना मलाच घाम फुटला होता.

चांदण्या काढणे अधिक जड गेले, कारण विक्री त्यांच्यावरच होत असे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३ सालच्या प्रयोगात, चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल असे आधी सांगितलेली बालवाडीतील मुले नंतर मोकळ्या वेळेत चित्रांकडे इतरांपेक्षा कमी वळली. तेच प्रमाणपत्र अचानक मिळालेल्या मुलांमध्ये अशी घट दिसली नाही. हे वाचूनही मी वर्षभर चालढकल केली, हे कबूल करतो.

नीतिशिक्षणाच्या साहित्यात तर आम्ही दोनदा फसलो. आधी ‘आज मी खरे बोललो’ अशा ओळींचा, रोज खूण करण्याचा तक्ता काढला होता. एका मुलाने सोमवारीच सातही दिवसांच्या खुणा करून टाकल्या. पुढे तक्ता बंद करून आम्ही चर्चेची कार्डे काढली. पहिले कार्ड पियाजे यांच्या प्रसिद्ध गोष्टीवर होते : दारामागच्या कपांची कल्पना नसताना दार ढकलून पंधरा कप फोडणारा मुलगा अधिक दोषी, की चोरून मुरंबा काढताना एकच कप फोडणारा? लहान मुले बहुधा नुकसान मोजतात, मोठी हेतू पाहू लागतात, वाद रंगतो. पण आम्ही कार्डाच्या मागे तात्पर्य छापून बसलो होतो, आणि मुले कार्ड हाती येताच आधी मागची बाजू वाचत. उत्तरसूचीच ती, वेश पालटून आलेली. दुसऱ्या आवृत्तीत मागची बाजू कोरी ठेवली.

यावर, मग मुलांनी वाटेल ते करायचे का, असा प्रश्न हमखास येतो. पियाजे यांच्या अर्थाने स्वायत्तता, म्हणजे काय बरोबर हे स्वतः विचार करून ठरवणे, ही मनमानी नव्हे. कार्डांवर बोलताना प्रत्येकाला आपला निर्णय ज्याला सोसावा लागेल त्याच्या बाजूनेही मांडावा लागतो, आणि मोठ्यांनी दिलेल्या शिक्षेला घाबरण्यापेक्षा हे मुलांना अवघड जाते, असे आम्ही वारंवार पाहिले आहे.

विक्री आजही चांदण्यांच्या काळाइतकी नाही. पालक उत्तरे मागतातच, म्हणून आता शेवटच्या पानावर आम्ही २७ अधिक ३५ ही बेरीज मुलांनी केलेल्या तीन रीतींनी छापतो. एकाने २७ मध्ये ३ मिळवून ३० केले आणि उरलेले ३२ त्यात घातले. दुसऱ्याने २० आणि ३० चे ५०, ७ आणि ५ चे १२ करून ६२ आणले. तिसऱ्याने २ आणि ३ चे ५, ७ आणि ५ चे १२ करून ते शेजारी शेजारी मांडले आणि ५१२ लिहिले. यांतली कोणती रीत चुकली ते आम्ही छापत नाही, आणि त्याबद्दल विचारणारा फोन अधूनमधून येतोच.